व्हीपीएन कनेक्ट होतं पण काहीच उघडत नाही (देवगड, घरून काम) – कृपया मदत करा

जामसंडेकर | १८ जून, रात्री ११:४०

मंडळी नमस्कार, गेले नऊ दिवस डोकं बधिर झालंय म्हणून लिहितोय. मी पुण्यातल्या एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत आहे आणि दोन वर्षं झाली देवगडात घरूनच काम करतो, बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय, कलमांकडे बघायला दुसरं कोणी नाही, त्यामुळे पुण्याला परत जाणं शक्यच नाही.

ऑफिसचं व्हीपीएन (घरून ऑफिसच्या नेटवर्कमध्ये जायचा एन्क्रिप्टेड रस्ता) वायरगार्ड नावाच्या सॉफ्टवेअरवर आहे. ॲपमध्ये हिरवा दिवा लागतो, ॲक्टिव्ह लिहून येतं. ऑफिसच्या सर्व्हरला पिंग (हाक मारून उत्तर येतं का बघायची चाचणी) जातोय, चॅटचे मेसेज येतात-जातात. पण ऑफिसची आतली वेबसाइट उघडायला गेलो की पांढरं पान, वर गोल फिरत राहतो आणि पाच मिनिटांनी टाइमआऊट. सर्व्हरवर लॉगिन होतं, छोटी कमांड दिली तर उत्तर येतं, पण मोठ्या फोल्डरची यादी मागितली की स्क्रीन तिथेच गोठते. गिटवरून कोड ओढायचा तर शून्य टक्क्यावर बसून राहतो.

व्हीपीएन बंद केलं की यूट्यूब, मेल, बँक सगळं व्यवस्थित, स्पीड पण चांगला. ॲप काढून परत टाकलं, लॅपटॉप फॉरमॅट केला (हो, तेही केलं), अँटिव्हायरस बंद करून बघितला, फायरवॉल बंद करून बघितली. मॅनेजर आतापर्यंत समजून घेत होते, पण आज म्हणाले की सोमवारपर्यंत नीट झालं नाही तर काही दिवस पुण्यात येऊन बसावं लागेल. कोणाला असा अनुभव असेल तर प्लीज सांगा.

---

गुहागर_घरकुल | १८ जून, रात्री ११:५८

पावसाचा परिणाम असेल हो. आमच्याकडे पण मृग सुरू झाला की नेट असंच करतं.

---

मालवणी_माणूस | १९ जून, सकाळी ७:१०

माका पण असोच त्रास होता पण जरा वेगळो. मी मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप जोडून काम करतंय, मीटिंगमध्ये कोण पाच-दहा मिनिटां माझ्याशी काय बोलूक नाय की पलीकडसून येणारा सगळा बंद पडता, मी काय तरी क्लिक केलंय की परत सुरू. तुमचा काय समाजला तर माका पण सांगा.

---

वाशिष्ठीकाठ | १९ जून, सकाळी ८:२५

घरच्या राउटरचा पत्ता आणि ऑफिसच्या नेटवर्कचा पत्ता एकच आहे का बघा. मला हा प्रॉब्लेम होता. माझ्या घरी चिपळूणला १९२.१६८.१.१ आणि ऑफिसात पण तीच मालिका, मी ऑफिसच्या फाइल सर्व्हरचा पत्ता टाकला की घरच्याच राउटरचं लॉगिन पान उघडायचं, मला वाटायचं ऑफिसवाल्यांनी सर्व्हर बदलला. लॅपटॉपला वाटतं हा पत्ता शेजारीच आहे, मग तो व्हीपीएनच्या बोगद्यात कशाला पाठवेल. घरच्या राउटरमध्ये जाऊन मालिका १९२.१६८.७३ अशी काहीतरी आडवळणाची करून टाकली, तेव्हापासून त्रास नाही.

---

जामसंडेकर | १९ जून, सकाळी ९:०२

धन्यवाद, पण आमच्या ऑफिसची मालिका १० ने सुरू होते, घरची १९२.१६८.०. त्यामुळे ते नसावं.

---

मुंबईहून_गावी | १९ जून, सकाळी ९:३०

फोनवर फुकट व्हीपीएनची ॲप मिळतात त्यातलं एखादं टाकून त्यावरून ऑफिसचं लावून बघा, माझ्या भावाचं झालं होतं.

---

कातळशिल्प | १९ जून, सकाळी १०:१५

मी रत्नागिरीची, नेटवर्कचं काम गेली चौदा वर्षं करतेय. आधी वरच्या सल्ल्याबद्दल, जामसंडेकर, कृपा करून ऑफिसच्या लॅपटॉपवर कुठलंही फुकट व्हीपीएन टाकू नका. तुमचा सगळा ट्रॅफिक ज्याला तुम्ही ओळखत नाही अशा माणसाच्या सर्व्हरवरून जाणार, आणि त्याचा सर्व्हरचा खर्च कुठून तरी निघायलाच हवा ना. शिवाय ऑफिसच्या नियमात ते बसणार नाही, नोकरीवर यायचं.

आता तुमच्याकडे. पहिली गोष्ट म्हणजे वायरगार्डचा हिरवा दिवा बघून काही ठरवू नका. ॲक्टिव्ह याचा अर्थ एवढाच की तुमच्या लॅपटॉपवर बोगद्याचं तोंड उघडलंय. पलीकडे कोणी नसलं, किल्ली चुकीची असली, अगदी इंटरनेट नसलं तरी ते ॲक्टिव्हच दाखवतं. बघायची ओळ वेगळी असते, त्याच खिडकीत खाली 'लेटेस्ट हॅन्डशेक' आणि 'ट्रान्सफर'. हॅन्डशेक साधारण दोन-तीन मिनिटांच्या आतला असेल तर समोरच्याशी बोलणं झालंय. ट्रान्सफरमध्ये नुसता 'सेंट' वाढतोय आणि 'रिसीव्ह्ड' शून्य असेल तर तुमचा आवाज तिकडे पोचत नाही किंवा तिकडचा इकडे येत नाही.

पण तुम्ही जे लिहिलंय, पिंग जातो, लॉगिन होतं, छोटं उत्तर येतं आणि मोठं काही मागितलं की गोठतं, त्यावरून हॅन्डशेक ठीक असणार. छोटं पॅकेट (डेटाचा तुकडा) पोचतंय, मोठं पडतंय. साकवावरून माणूस जातो, बैलगाडी अडकते तसं. ही एमटीयूची, म्हणजे एका पॅकेटच्या कमाल आकाराची, लक्षणं आहेत, मी हे किमान पन्नास वेळा बघितलंय.

दोन प्रश्नांची उत्तरं द्या. १) नऊ दिवसांपूर्वी घरात नेमकं काय बदललं? काहीही, अगदी क्षुल्लक वाटलं तरी. २) मोबाइल हॉटस्पॉटवर चालतं का?

---

जामसंडेकर | १९ जून, दुपारी १:४०

ताई, हॅन्डशेक १ मिनिट ४ सेकंदांपूर्वीचा दाखवतोय, रिसीव्ह्ड पण वाढतंय. म्हणजे तुम्ही म्हणता तसंच.

हॉटस्पॉटवर कधी चालतं कधी नाही, आमच्याकडे घरात रेंजच एक काडी, त्यामुळे त्यावर भरवसा नाही.

आणि काय बदललं म्हणाल तर ७ तारखेला संध्याकाळी मोठा गडगडाट झाला, आमच्या मागच्या माडावर वीज पडली आणि त्यात राउटर जळला. आईने टीव्हीचा प्लग काढला होता पण राउटरचा राहिला. दुसऱ्या दिवशी केबलवाल्याकडचा मुलगा येऊन नवीन राउटर लावून गेला. पण नेट तर लगेच सुरू झालं होतं आणि मस्त चालत होतं म्हणून मी त्याचा विचारच केला नाही, ९ तारखेला सुट्टीनंतर कामाला बसलो तेव्हापासून हे सुरू आहे.

---

कातळशिल्प | १९ जून, दुपारी २:०५

मिळालं बहुतेक. नवीन राउटरमध्ये आयपीव्ही६ (इंटरनेट पत्त्यांची नवी, लांब पद्धत, जुनी ती आयपीव्ही४) चालू आहे का बघा. वायरगार्डच्या खिडकीत एन्डपॉइंट म्हणून ऑफिसच्या सर्व्हरचा जो पत्ता दिसतोय त्यात टिंबं आहेत की विसर्गासारखी दोन टिंबं (:) आहेत? आणि राउटरमध्ये कनेक्शनचा प्रकार काय लिहिलाय, पीपीपीओई (युजरनेम-पासवर्डने जोडायचा प्रकार) का?

---

जामसंडेकर | १९ जून, दुपारी २:३१

पीपीपीओईच आहे, युजरनेम-पासवर्ड टाकलेला दिसतोय. आणि एन्डपॉइंट विसर्गवाला, लांबलचक, २४०० पासून सुरू होणारा. आधी काय होता ते मला खरंच आठवत नाही, पण कॉन्फिगमध्ये (वायरगार्डच्या सेटिंगच्या फाइलमध्ये) पत्ता नाहीये, ऑफिसच्या सर्व्हरचं नाव आहे.

---

कातळशिल्प | १९ जून, दुपारी ३:२०

मग ऐका, जरा सविस्तर लिहिते कारण हे इतरांनाही उपयोगी पडेल.

साध्या इथरनेटवर एका पॅकेटला १५०० बाइट चालतात. पीपीपीओई प्रत्येक पॅकेटमागे ८ बाइट स्वतःसाठी घेतं, राहिले १४९२. वायरगार्ड तुमचं पॅकेट दुसऱ्या पॅकेटमध्ये गुंडाळतं, त्या गुंडाळणीचं वजन आयपीव्ही४ वरून गेलात तर ६० बाइट, आयपीव्ही६ वरून गेलात तर ८०. वायरगार्ड स्वतःहून आतल्या पॅकेटची मर्यादा १४२० ठेवतं.

आता बेरीज करा. जुना राउटर आयपीव्ही४ वाला होता असं धरलं तर १४२० अधिक ६० म्हणजे १४८०, १४९२ मध्ये आरामात बसतं. दोन वर्षं तुम्हाला काही झालं नाही ते त्यामुळे. नवीन राउटरला आयपीव्ही६ मिळालं, सर्व्हरच्या नावाचा आयपीव्ही६ पत्ताही असणार, लॅपटॉपने तो धरला, आणि १४२० अधिक ८० झाले बरोबर १५००. आठ बाइट जास्त. तेवढ्यासाठी नऊ दिवस.

तुम्ही म्हणाल की मोठं पॅकेट मध्ये तोडून का नाही पाठवत. आयपीव्ही४ मध्ये वाटेतला राउटर पॅकेट तोडू शकतो. आयपीव्ही६ मध्ये वाटेतल्या राउटरला ती परवानगीच नाही, त्याने 'हे मोठं आहे, छोटं करून पाठव' असा निरोप परत धाडायचा. पण पुष्कळ ठिकाणी हे निरोप सुरक्षेच्या नावाखाली अडवलेले असतात. मग पाठवणाऱ्याला कळतच नाही की पॅकेट पडलं, तो तेच मोठं पॅकेट परत परत पाठवत बसतो आणि तुम्ही गोल फिरताना बघत बसता. ब्राउझिंग ठीक चालतं कारण राउटर साध्या टीसीपी कनेक्शनला सुरुवातीलाच छोट्या साइझची बोली करायला लावतो, बोगद्यातलं मात्र त्याला दिसत नाही, सगळं एन्क्रिप्टेड.

हे खरं की नाही ते मोजून बघा, माझ्या शब्दावर जाऊ नका. व्हीपीएन चालू ठेवून ऑफिसच्या सर्व्हरला पिंग करा, पण दोन पर्याय लावून. विंडोजमध्ये वजा एफ म्हणजे तोडू नको, आणि वजा एल पुढे साइझ. १३९२ पासून सुरू करा (पिंगचे स्वतःचे २८ धरून ते १४२० होतात) आणि उत्तर येईपर्यंत कमी करत या. माझा अंदाज, १३८० ला उत्तर येईल आणि १३८१ ला येणार नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १९ जून, दुपारी ३:४४

ताई १३८० कुठून आलं? १४९२ मधून ८० गेले तर १४१२, त्यातून २८ गेले तर १३८४ यायला हवं ना?

---

कातळशिल्प | १९ जून, दुपारी ४:१०

छान प्रश्न. वायरगार्ड पॅकेट १६ च्या पटीत भरून घेतं, म्हणजे आतली लांबी बाहेरून ओळखू येऊ नये. १४०८ ही १६ ची पट आहे. १४०९ झालं की पुढची पट १४२४, पण मर्यादा १४२० ची, म्हणून भरून थेट १४२० होतं आणि तिथे पडतं. म्हणून १४०८ वजा २८, १३८०.

---

जामसंडेकर | १९ जून, रात्री ९:१५

संध्याकाळी लाईट नव्हती म्हणून उशीर झाला. आत्ता बसलो. बाहेर धो धो पाऊस आहे, पडवीत बसून एकेक आकडा टाकत होतो आणि बाबा शेजारी खुर्चीत बसून विचारत होते की हे काय मोजतोयस.

१३९२, टाइमआऊट.
१३८५, टाइमआऊट.
१३८१, चार वेळा टाइमआऊट.
१३८०, उत्तर, ३१ मिलिसेकंद. चारही.

परत १३८१ टाकून बघितला, परत नाही. अंगावर काटा आला खरं सांगतो. इतके दिवस मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकतंय.

आता पुढे काय करू?

---

कातळशिल्प | १९ जून, रात्री ९:२८

कॉन्फिगमध्ये इंटरफेसच्या भागात, जिथे तुमचा ॲड्रेस लिहिलाय त्याखाली, एमटीयू = १३८० अशी एक ओळ टाका, सेव्ह करा, बोगदा बंद करून परत चालू करा. आतलं पॅकेट १४०८ पर्यंत चालतंय, पण थोडी जागा हाताशी ठेवलेली बरी. तुमच्या बाजूला मर्यादा कमी केली की टीसीपीमध्ये तुमचा लॅपटॉप समोरच्यालाही सांगतो की एवढंच पाठव, म्हणून सर्व्हरवर काही न करता दोन्ही दिशा सुधारतात. ऑफिसच्या ॲडमिनला मात्र कळवा.

---

जामसंडेकर | १९ जून, रात्री ९:४१

उघडलं!!! ताई वेबसाइट उघडली. कोड ओढायला लावलाय, ६२ टक्के, ७० टक्के... झाला. आईला हाक मारून दाखवलं.

---

गुहागर_घरकुल | १९ जून, रात्री १०:०५

अभिनंदन! आणि माझं पावसाचं वक्तव्य मागे घेतो, वीज पडली होती हे खरं पण कारण भलतंच निघालं.

ताई, माझं पण एक बघाल का. आमचं गुहागरला छोटं होमस्टे आहे आणि मी महिन्यातले पंधरा दिवस डोंबिवलीला असतो. घरच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग बघायला घरीच वायरगार्डचा सर्व्हर लावला, राउटरमध्ये ५१८२० पोर्ट फॉरवर्ड केला (बाहेरून त्या क्रमांकावर येणारं सर्व्हरकडे वळवलं), घरात बसून चालतं पण डोंबिवलीहून हॅन्डशेक होतच नाही. तीन महिने झाले.

---

कातळशिल्प | १९ जून, रात्री १०:३०

राउटरच्या स्टेटस पानावर वॅन आयपी (बाहेरच्या बाजूचा पत्ता) काय दिसतो? १०० ने सुरू होतो का, आणि दुसरा आकडा ६४ ते १२७ च्या मध्ये?

---

गुहागर_घरकुल | १९ जून, रात्री १०:३६

१००.७१ पुढे काहीतरी.

---

कातळशिल्प | १९ जून, रात्री १०:५०

मग तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडा, बाहेरून कोणी येऊ शकणार नाही. ही मालिका, १००.६४ पासून १००.१२७ पर्यंतची, २०१२ मध्ये मुद्दाम इंटरनेट कंपन्यांच्या आतल्या वापरासाठी राखून ठेवली गेली. आयपीव्ही४ चे पत्ते संपत आले म्हणून कंपनी शेकडो गिऱ्हाइकांना एकाच बाहेरच्या पत्त्यामागे बसवते, त्याला सीजीनॅट म्हणतात. बाहेरून आलेलं पॅकेट कोणाच्या घरी द्यायचं हे कंपनीच्या राउटरला माहीतच नसतं.

उपाय तीन. कंपनीकडे स्टॅटिक आयपी (फक्त तुमचा, न बदलणारा पत्ता) मागा, बहुतेक जण वर्षाचे थोडे पैसे घेऊन देतात. किंवा दोन्हीकडे आयपीव्ही६ असेल तर त्यावरून जा, त्यात सीजीनॅट नसतं, फक्त राउटरच्या आयपीव्ही६ फायरवॉलमध्ये तो पोर्ट उघडावा लागेल. किंवा बाहेर एक छोटा भाड्याचा सर्व्हर घ्या, घर आणि डोंबिवली दोघांनी आतून बाहेर त्यालाच जोडायचं. तिसरा मला सगळ्यात भरवशाचा वाटतो, केबलवाला बदललात तरी चालू राहतो. त्यात घरच्या बाजूला पर्सिस्टंट कीपअलाइव्ह = २५ नक्की टाका.

आणि मालवणी_माणूस, तुमचं औषध पण हेच. मोबाइल कंपनीचं नॅट (तेच, अनेकांना एका पत्त्यामागे बसवणं) थोडा वेळ काही गेलं नाही की तुमची नोंद पुसून टाकतं, मग ऑफिसकडून आलेलं पॅकेट तुमच्यापर्यंत येत नाही, तुम्ही क्लिक केलंत की नवी नोंद होते. कीपअलाइव्ह दर २५ सेकंदांनी एक बारीकसं पॅकेट पाठवून नोंद जागी ठेवतं. कॉन्फिगमध्ये पीअरच्या (समोरच्या टोकाच्या) भागात ती ओळ टाकायची.

---

अष्टागर | २० जून, सकाळी ८:५०

धागा वाचून एक भर घालावीशी वाटली. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आमच्या अलिबागच्या बाजूला धडकलं तेव्हा लाईट यायला बरेच दिवस गेले, तोपर्यंत जुना लॅपटॉप पार रिकामा होऊन पडला होता. लाईट आल्यावर चालू केला तर ऑफिसचं ओपनव्हीपीएन म्हणे सर्टिफिकेट अजून वैध नाही. दोन दिवस ऑफिसशी वाद घातला की तुमचं सर्टिफिकेट खराब आहे. शेवटी बायकोने स्क्रीनच्या कोपऱ्यात बोट ठेवलं, तारीख कित्येक वर्षं मागची. आतली नाण्याएवढी बॅटरी मेली होती. तारीख नीट केली आणि लगेच जोडलं गेलं. आपल्याकडे लाईटचं जे आहे ते बघता हे आधी तपासावं.

---

कातळशिल्प | २० जून, सकाळी ९:२०

अगदी बरोबर. वायरगार्डमध्ये सर्टिफिकेट नसतं तरी घड्याळ मागे गेलं की तिथेही अडतं, सर्व्हर प्रत्येक हॅन्डशेकची वेळ लक्षात ठेवतो आणि आधीच्यापेक्षा जुनी वेळ आली तर कोणीतरी जुनं पॅकेट परत पाठवतंय असं समजून टाकून देतो. तेव्हा हिरवा दिवा आणि हॅन्डशेक नाही.

---

मुंबईहून_गावी | २० जून, सकाळी १०:१२

फुकट ॲपचा सल्ला मागे घेतो, इतका विचार केला नव्हता. पण एक विचारतो, आमच्या काकांनी ऐकलंय की व्हीपीएन वापरणं आता बेकायदा आहे, हे खरं का?

---

कातळशिल्प | २० जून, सकाळी १०:४०

नाही. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेने) आदेश काढला, त्यात व्हीपीएन विकणाऱ्या कंपन्यांनी गिऱ्हाइकांची नावं, पत्ते, दिलेले आयपी वगैरे पाच वर्षं जपून ठेवायचे असं आहे, आणि व्हीपीएन कंपन्यांना तो त्याच वर्षी २५ सप्टेंबरपासून लागू झाला. बोजा विकणाऱ्यांवर आहे. ऑफिसने आपल्या माणसांसाठी चालवलेल्या व्हीपीएनला तो भाग लागू नाही असं त्यांनी स्वतःच खुलाशात सांगितलंय. काकांना निर्धास्त राहू दे.

---

जामसंडेकर | २२ जून, संध्याकाळी ६:३०

आज सोमवार. सकाळी नऊपासून सहापर्यंत एकदाही अडलं नाही. ॲडमिनला ताईंची पूर्ण पोस्ट पाठवली, त्यांनी सर्व्हरवर पण १३८० केलंय आणि सगळ्यांच्या कॉन्फिगमध्ये ती ओळ घालून परत पाठवली, कारण नाशिकच्या एका मुलीला महिनाभर हाच त्रास होता आणि ती रोज हॉटस्पॉटवर काम करत होती. मॅनेजरनी पुण्याला यायचं नाव काढलं नाही.

ताई, रत्नागिरीला कधी आलो तर पेटी घेऊन येईन म्हटलं असतं पण हापूस संपला यंदाचा. पुढच्या एप्रिलमध्ये पत्ता मागणार आहे.

राउटरचा प्लग आता आई स्वतः काढते, ढग दिसले की.

---

मालवणी_माणूस | २२ जून, रात्री ८:०५

२५ टाकलंय. आज दोन तास मीटिंग झाली, मी एक शब्द बोलूक नाय, आणि शेवटी माझा नाव घेतल्यानी तेव्हा माका सगळा ऐकाक येय होता. ताई, देव बरें करो.